अर्जुनरावांच्या दुरुस्त्या

१८ नोव्हेंबर, अमडापूर

पोचले एकदाची. खामगावला गाडी बदलली, पुढे खिडकी मिळाली. सगळा रस्ता कापूस फुटलेला. प्रेमानंददादा नांदुऱ्याच्या स्टँडवर सोडायला आला होता. अनोळखी घरात राहून कसलं टायपिंग, म्हणत होता. त्याला म्हटलं, लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून जीव विटलाय, जरा पुस्तकाचं काम करू दे.

घर छान आहे. कोकिळाकाकूंनी आल्याआल्या आंघोळीला पाणी काढलं, मग भाकर आणि भरल्या वांग्याची भाजी. त्यांचे यजमान अर्जुनराव शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी वऱ्हाडी शब्दांचा संग्रह लिहिला. त्यावर लाल शाईने दुरुस्त्या चालू असताना त्यांना लकवा मारला. त्या दुरुस्त्या वाचून टाइप करणारं भरवशाचं माणूस काकू कधीच्या शोधत होत्या. कागद घराबाहेर न्यायचे नाहीत, म्हणून राहूनच काम करायचं.

अर्जुनराव शेजारच्या खोलीत असतात. मी नमस्कार केला. अंग लाकडासारखं, फक्त डोळे हलतात. ते डोळे माझ्या हातांवरच होते. टायपिस्ट म्हटल्यावर हातच बघणार, मला हसू आलं.

२० नोव्हेंबर

त्यांचं अक्षर आता ओळखीचं झालंय. ‘र’ आणि ‘स’ सारखेच काढायचे. एका ओळीवर काट मारून बाण थेट पानाच्या मागे नेलेला, तिथे लिहिलंय, ‘हे नको, पहिलंच बरं.’ ‘उलीसा’, म्हणजे थोडासा, या एका शब्दासाठी अख्खं पान. शब्द सगळे आपल्या घरातलेच. आई बोलल्यासारखं वाटतं.

काकूंनी कपाटातून एक जुना, जाड कीबोर्ड काढून दिला. लॅपटॉपला तोच लावायला सांगितला. खूप खडखडतो. दोन खोल्यांमधलं दार उघडं ठेवायचं, म्हणजे त्यांना आवाज जातो. पुस्तक पुढे सरकतंय हे कळलं की त्यांना बरं वाटतं म्हणे.

२४ नोव्हेंबर

आज घरात सण असल्यासारखं. अर्जुनरावांची करंगळी हलली. काकू रडल्या, मग पुरण घातलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, तुमचा पायगुण चांगला, म्हणाल्या. मलाही भरून आलं.

माझ्या उजव्या करंगळीला मात्र सकाळपासून मुंग्या येतायत. शिफ्टची कळ दाबली जात नाही. सवय नसलेला कीबोर्ड, दुसरं काय.

२७ नोव्हेंबर

मागच्या अंगणात पहिल्यांदाच गेले. कपडे वाळत घालायचे होते. लिंबाखाली बाजेवर एक माणूस बसला होता, असेल पस्तिशीचा. हात मांडीवर उताणे पडलेले. काकू त्याला घास भरवत होत्या.

कोण, म्हणून विचारलं. सहदेव, म्हणाल्या. नातेवाईक का, तर नाही.

“हा बी टायपिंगच करे. लय चांगला हात होता त्याचा.”

भात भरवता भरवता सांगितलं, जसं काही त्याचं गाव सांगावं. सहदेवने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. काकूंनी त्याचं तोंड पदराने पुसलं.

मी खोलीत येऊन बॅग भरली. आईची तब्येत बिघडलीय असं सांगून निघायचं ठरवलं. काकू आड आल्या नाहीत. दाराच्या कडेला उभ्या राहून एवढंच म्हणाल्या,

“त्याईचा जीव तुह्या हातात हाय, पोरी. जाशीन त जाय.”

अंगणापर्यंत गेले असेन. आतून घरघर ऐकू आली. मागे वळून त्यांच्या खिडकीतून पाहिलं. अर्जुनराव श्वास घेऊ शकत नव्हते. ओठ काळेनिळे, डोळे माझ्याकडे. काकू उशाशी बसल्या होत्या, त्यांनी मला हाकही मारली नाही. मी म्हणाले, डॉक्टर बोलवा, तर नुसती नकाराची मान हलवली.

मी पळत आत आले, बोटं कीबोर्डवर ठेवली. काय टाइप केलं ठाऊक नाही. चार ओळी झाल्या नसतील तोच त्यांचा श्वास परत सुरू झाला.

माणूस डोळ्यांसमोर मरत असताना कसं जायचं? एक म्हातारं माणूस. उद्या काहीतरी मार्ग काढीन.

३० नोव्हेंबर

दाराला बाहेरून कडी आहे. काल नव्हती, की मी पाहिली नव्हती?

फोन काकूंनी चार्जिंगला नेला तो दिला नाही. मागितला. इथे रेंज कुठे असते, म्हणाल्या. दादाशी त्याच बोलल्या म्हणे. मंजुश्री कामात आहे, खुशाल आहे, असं त्याला सांगितलं.

अर्जुनराव आता उठून बसतात. हातात लाल पेन आहे. मी टाइप केलेली पानं ते पुन्हा दुरुस्त करतात. कधी कधी पहिल्यासारखी करतात. पुस्तक संपत आलं की ते मागे जातं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. चिमटा काढला तरी कळत नाही.

३ डिसेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लहान मुलासारखं येतंय.

काल उजवा हात कीबोर्डवरून खाली पडला, तो उचलता येईना. टायपिंग थांबलं. मी श्वास रोखून वाट पाहिली, आता घरघर सुरू होईल. झाली नाही. ते खोलीत फेऱ्या मारत होते. पावलं वाजत होती. मला पाहून हसले—

त्यांना आता आवाजाची गरज नाही.

खिडकीशी ओरडले. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. पुन्हा ओरडले. काकू आल्या, खिडकी लावली, केसांवरून हात फिरवला. मले बी नवऱ्याशिवाय कोण हाय, म्हणाल्या. तेच हळू आवाजात, पुन्हा पुन्हा.

६ डिसेंबर

पाय. गुडघ्याच्या खाली नाहीत. म्हणजे आहेत—

आज चैत्यभूमीला दादा जातो दरवर्षी. आईने घरी मेणबत्ती लावली असेल. मी मनात वंदना म्हटली. तोंडाने म्हणायला गेले तर घशातून नुसती हवा.

शेजारच्या खोलीत अर्जुनराव मोठ्याने पानं वाचत होते. खणखणीत.

९ डिसेंबर

गाडीचा आवाज. ही दादाचीच— सायलेन्सर फुटलाय ना तिचा. दादा आलाय.

ओसरीवर बोलतायत. काकू नाही, अर्जुनराव स्वतः गेलेत. दादा विचारतोय, फोन का लागत नाही.

“ते त परवाच गेली, बाबू. काम अर्धं टाकून गेली. नांदुऱ्याले नाही पोचली काय?”

दादा— मी इथे— या भिंतीच्या अलीकडे—

चहा विचारतायत. नको म्हणाला. पोलिसांत जातो म्हणतोय. अर्जुनराव म्हणतात, मी येतो संगं, बसतो मागं.

डाव्या हातात पेन धरण्यापुरताच जोर उरलाय. पायाने टेबल पाडावं म्हटलं. पाय कुठे आहे. डोकं आपटलं. गादीवर आवाज होत नाही.

किक. गाडी लागत नाही. पुन्हा किक— दादा जाऊ नको— लागली.

गेले. दोघं गेले.

कडी निघाली. काकू. हातात ताट आहे, घास कालवतायत. पेन काढून घ्यायला हात पुढे केलाय. मी धरून ठेवलंय, अजून धरून ठेवलंय, बोटं एकेक करून सोडवता