आवसेच्या आत फॉर्म

१८ जुलै, शुक्र.
मेडिकलचे फॉर्म आजपासून. टँकर लावता लावता म्हणालो, "मुक्ते, आत्ताच भर. ज्याचा ड्रम पुढं त्याला पाणी." हसली. "येड्या, इथं मार्कांवर नंबर लागतो. पहिल्या दिवशी भरला काय, शेवटच्या दिवशी काय, सारखंच. मुदत चुकली तर मात्र वर्ष गेलं." हसली की गालावर… जाऊ दे. बी.एस्सी. अर्धी सोडून टँकरवर बसलो ते बरंच झालं. नायतर दिवसाआड हिच्या दारात कोण उभं करणार होतं?

२१, सोम.
फॉर्म तसाच. ओटीपी तिच्या वडिलांच्या मोबाइलवर. जोशीकाका बँकेत साहेब, पण शिंकतील तरी पंचांग बघून. "आषाढात नको. श्रावण लागू दे." श्रावण रविवारी. मुदत शनिवारी संपते, अन् शनिवारी आवस!

२३, बुध.
शांत राहायचं ठरवून गेलो काकांकडं.
"मुदत दरवर्षी वाढते."
"नाय वाढली तर?"
"आधी स्वतःचं कॉलेज पूर्ण कर, मग मला शिकव."
डोकं फिरलं. फाटक आपटलं. बिजागरी हातात आली. मु. म्हणते, नवी बसवून दे. देईन. लई मजबूत.

२५, शुक्र.
आज केलंच. टँकर सरळ काकांच्या फाटकाला लावला. पाइप खांद्यावर, कॉक बंद. "आधी फॉर्म, मग पाणी."
काका लाल. "ही दादागिरी आहे!"
"व्हय."
अख्खी गल्ली ड्रम घेऊन उभी. समोरच्या खाला ओरडल्या, "अजी जोशीसाब, बच्ची का साल जाएगा! दबाओ ना बटन!" कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "आवस उद्या हाय की! आजच्या दिवसानं काय घोडं मारलंय?" पोरंटोरं पण सुरू, जोशीकाका, दाबा, दाबा. शेवटी मु.च्या आई, ज्यांचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता, बाहेर आल्या. काकांच्या खिशातला मोबाइल काढला, लेकीच्या हातात दिला. "भर गं."
गेला फॉर्म!! कॉक असा उघडला की काका आधी भिजले.

२६, शनि.
साइट सकाळपासून बंद पडतीय. नेट कॅफेबाहेर पोरं रडकुंडीला. मुदत नाय वाढली. काकांनी चहा पाजला.  बिस्किटं दोनदा पुढं केली.

६ ऑगस्ट, बुध.
लागला नंबर! नांदेड! हॉर्न वाजवत सगळी कॉलनी फिरलो, पाणी सांडलं तरी कुणी शिव्या दिल्या नाय. काकांनी भर रस्त्यात मिठी मारली, पेढा कोंबला.
मग टँकरमागं मु. हळूच, "शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं. नाहीतर ही जागा सोडून पुढच्या यादीची वाट बघायची. इथलं कॉलेज मिळेलही, किंवा काहीच नाही मिळणार. तू सांग. जाऊ का थांबू?"
'जा' ओठांवर आलं होतं. आईशप्पथ आलं होतं.
म्हणालो, उद्या सांगतो.