बाबांकडे मीच जातेय

ठमे,

उठलीस की आधी खाऊन घे. अंडी उकडून झाकून ठेवलीत.

मी बाबांच्या गॅरेजवर चाललेय. कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या अर्जाला त्यांचाही उत्पन्नाचा दाखला लागतो, हे तू मला सांगितलंच नाहीस. उलट काल म्हणालीस, "एक वर्ष थांबते ना, घाई कसली!" मग तुमच्या कॉलेजातल्या बाईंचा फोन आला, तेव्हा कळलं. आज संध्याकाळी मुदत संपतेय.

घटस्फोट झाल्यापासून आमचे निरोप तूच पोचवत आलीस. "आईला सांग", "बाबांना विचार". एवढीशी होतीस तेव्हापासून. ते चिडून बोलले की घरी येऊन तू मला तेच गोड करून सांगायचीस. मला कळायचं गं. हा निरोप मात्र तुझ्या गळ्यात घालणार नाही.

भीती वाटतेय. दोनदा चपला घातल्या आणि परत बसले. "शिकवायची हौस तुझी, आता निस्तर तूच," असं म्हणतील. चारचौघांत आवाजही चढवतील. चढवू देत. दाखला हातात पडेपर्यंत मी दारातून हलणार नाही.

मी कामावर का आले नाही म्हणून लाँड्रीतून फोन आला तर सांग, आईच्या पोटात गोळा आलाय. खोटं नाहीच ते.

तू अर्जाची बाकीची पानं भरून ठेव. आणि हे बघ, ते नाही म्हणालेच, तर मला म्हणालेले असतील. तुझ्या बाबांनी तुला नाही म्हटलेलं नसेल.

आई