पाणी गळणारा बांध

॥ श्री ॥
चिंचोटी, २ मे १९९९

चि. केयूर यास आत्मारामकाकाचे अनेक आशीर्वाद.

चंद्रपूरच्या कोळशाने तू अजून काळवंडला नाहीस, असं तुझी आई सांगते. आईची साक्ष ग्राह्य धरत नाहीत, तरी आनंद आहे.

आपल्या टेकडीचा करार मार्चमध्ये संपला. खाणवाल्याने यंत्रं नेली; उकरलेली माती आणि दगडाची भुकटी मात्र ढिगांनी ठेवून गेला. इतका निर्लोभी मनुष्य मी पाहिला नव्हता. गेले दोन पावसाळे ही भुकटी ओढ्यातून तुझ्या प्रेमलताआत्याच्या शेतात उतरते, थर धरते आणि रोपं गुदमरतात. भावजींमागे तिला तेवढं दीड एकरच उरलंय. यंदाही भात गेलं तर सातिवलीच्या गोडाउनवाल्याला जमीन देऊन टाकेन, असं परवा म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती चहा गाळता गाळता म्हणाली.

टेकडी खाणीला देताना कागदावर सही माझी होती. तू उजाड खाणी सावरण्याचाच पगार घेतोस, तेव्हा भुकटी वरच्या वर कशी अडवायची ते कळव. विद्या दिल्याने वाढते. काकाला दिल्याने किती, हे पाहू.

तुझी आठवण काढणारा,
आत्माराम


चंद्रपूर, १४ मे १९९९

ती. आत्मारामकाकांस केयूरचा शि. सा. न. वि. वि.

सोबत आराखडा आहे. उतारावर आडवे चर खणा. ढिगांवर वाळ्याचे ठोंब लावा, त्याची मुळं माती धरतात. ओढ्यात अनगड दगडांचे दोन बांध घाला, तीन-तीन फूट उंच, मोठे दगड तळाशी. प्रत्येक बांधाच्या वरच्या अंगाला गाळ साठायला खड्डा हवा. मापं कागदावर आहेत.

घाईत लिहितो आहे. उद्यापासून महिनाभर आतल्या खाणीवर मुक्काम, तिथे टपाल येत नाही. आत्याला सांगा, दिवाळीत तिच्या नव्या तांदळाची भाकरी खायला येतो.

पाठीवर हात असू द्यावा.
केयूर


चिंचोटी, १० जून १९९९

चि. केयूर यास अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा म्हणजे सूत्रग्रंथ: मापं इंचापर्यंत, भाष्य एका ओळीचं नाही. तरी सगळं केलं. माझ्या शाळेत सुतारकाम शिकवणारा पापडीचा सॅन्टन मदतीला आला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती. गेल्या आठवड्यात टँकर आणून वरून पाणी सोडून पाहिलं, तर दोन्ही बांध चाळणीसारखे गळाले. सॅन्टन कमरेवर हात ठेवून बघत राहिला. म्हणाला, मास्तर, पानी जातंय तर त्याला बांध कोन म्हनेल? मीही शेतकऱ्याचाच मुलगा, मला लाज वाटली. आपल्याकडे गळका बांध म्हणजे आळशाचं घर. दोघांनी दोन दिवस खपून चिकणमातीत पेंढा तुडवून फटी लिंपल्या, शेताच्या बांधाला लिंपतो तशा.

आता थेंब गळत नाही. प्रेमा येऊन पाहून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने भात पेरलं. तुझ्या विद्येत एवढीच उणीव होती. ती आम्ही भरून काढली.

पत्राची वाट पाहतो, आळस नको.
आत्माराम


चंद्रपूर, १९ जून १९९९

ती. आत्मारामकाकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज हाती आलं. हे मिळताच सगळी माती खरवडून काढा, दुसरं काही करू नका. तो बांध पाणी अडवायला नाही. पाणी फटींतून संथ गेलं पाहिजे, म्हणजे गाळ मागे बसतो. पाणी तुंबलं तर नुसते रचलेले अनगड दगड त्याचा भार धरणार नाहीत. मी हे लिहायला हवं होतं. खाणीवर सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लिहिलं नाही. शाळेत तीनदा फोन केला, लागत नाही.

उत्तर लगेच पाठवा.
केयूर


चिंचोटी, २६ जून १९९९

चि. केयूर यास आशीर्वाद.

तुझं पत्र चोवीसला आलं. बांध एकविसाला पहाटे फुटले. आधी वरचा, त्याच्या लोंढ्याने खालचा. दोन वर्षांत मिळून आली नव्हती एवढी भुकटी एका तासात खाली गेली, वर आमचे दगडही. प्रेमाची रोपं चार बोटं झाली होती. आता शेत कुठे आणि ओढा कुठे, हे सांगता येत नाही.

सॅन्टन येऊन ओट्यावर बसला, चहा न घेता गेला. तू स्वतःला दोष देऊ नकोस. तीस वर्षं मुलांना सांगत आलो, अर्थ कळल्याशिवाय पाठ करू नका.

मी रोज घमेलं घेऊन शेतावर जातो. एक कोपरा मोकळा झाला आहे.

काका


चिंचोटी, ११ जुलै १९९९

चि. केयूर यास प्रेमलताआत्याचे आशीर्वाद.

शेत पुन्हा उभं करायला तू घरी पाठवलेली रोपांची यादी वाचली. आता ती नको, बाळा. सोमवारी गोडाउनवाल्याला शब्द दिला. कागद दसऱ्यानंतर होतील. तुझ्यावर माझा राग नाही, दादावरही नाही. रागावले असते तर बहुतेक विकलं नसतं.

पण दादाला हे माहीत नाही. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन सकाळीच शेतात उतरतो, दुपारी जेवायलाही वर येत नाही. काल म्हणाला, प्रेमा, निम्मं झालं, पुढच्या वर्षी पेरशील. मी बरं म्हटलं. सांगायला दोनदा बांधावर गेले आणि भाकरी ठेवून परत आले.

तूही इतक्यात कळवू नकोस. पावसाळाभर त्याला तेवढं काम असू दे.

जपून राहा, आम्हांला विसरू नकोस.
तुझी आत्या