सहा जानेवारीचं ताट

झेलेना, सस्कॅचेवान
१२ नोव्हेंबर १९७३

चि. झेनोन यास स्टेफाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नाकाचं हाड पुन्हा मोडल्याचं तू शेवटच्या ओळीत, ते पण कोपऱ्यात लिहिलंस. मी शाळामास्तरीण आहे, कोपऱ्यातलं आधी वाचते. आईला सांगितलं नाही. तिच्या हिशेबी तुझं नाक अजून बाबांसारखं सरळ आहे.

इथे बर्फ पडून दोन आठवडे झाले. मी शाळेतून येते, आईला पेपर वाचून दाखवते, आणि खेळाच्या पानावर वरच्या, मोठ्या लीगच्या संघात तुझं नाव आलं का ते ती मला रोज विचारते. रोज मी नाही म्हणते. मग ती म्हणते, उद्या येईल, आणि बटाटे सोलायला घेते. तेरा वर्षं हेच चाललंय बाळा. बाबांनी तुझा पहिला मोठा सामना बघायला म्हणून शिवून घेतलेला करडा सूट शेवटी आपण त्यांना निरोप देतानाच त्यांच्या अंगावर घातला, ते तिच्या मनातून जात नाही.

एक सांगायचंच राहिलं होतं. मागच्या पवित्र संध्याकाळी, आपल्या नाताळच्या आदल्या रात्री, आईने टेबलावर एकच जास्तीचं ताट मांडलं. मी विचारलं, दरवर्षी दोन असतात ना, एक बाबांचं आणि एक झेनोनचं? तर म्हणाली, गेलेला आणि लांब असलेला, दोघांना एक पुरे, दोघंही जेवत नाहीत. मी इतकी चिडले की बोर्श्टचं सूप गार झालं तरी चमचा उचलला नाही. तुझ्या त्या आइस हॉकीच्या वेळापत्रकात इंग्रजांच्या नाताळाला दोन दिवस सुट्टी मिळते, आणि आपला नाताळ तेरा दिवसांनी येतो तेव्हा तू कुठेतरी बर्फावर आडवा पडलेला असतोस. एकदा तरी ये रे.

आईची तब्येत बरी. काल पोस्टमास्तरशी इंग्रजीत बोलली. तिचं इंग्रजी तुला माहीत आहे, ताठ उभी राहून, कविता म्हटल्यासारखं, सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल असं. बाकी जगाशी ती आपल्याच युक्रेनियन भाषेत बोलते आणि जगाने समजून घ्यावं अशी तिची अपेक्षा असते.

नाकाला जप. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
स्टेफाताई


कॅल्डर, टेक्सास
२ डिसेंबर १९७३

ती. स्टेफाताईस झेनोनचा सा. न. वि. वि.

एका ताटाचं वाचलं आणि पत्र घडी करून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. आईचं चुकलं असं म्हणायला मला तोंड नाही.

आता आनंदाची बातमी, आणि ती मला गुरांनी मिळवून दिली आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या रिंकवर गुरांचं प्रदर्शन भरतंय. बर्फावर फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर बैल. चार तारखेपासून नऊपर्यंत आम्ही मोकळे. सगळे मेक्सिकोच्या समुद्रावर चाललेत. मी म्हटलं, मी चाललो उणे तीस अंशात. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. सहा तारखेला दुपारच्या बसने पोचतो.

इथे खिडकीबाहेर लोक अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून हिंडतात आणि सामन्याला येऊन विचारतात की चकती कुठे गेली. मी तेहतिसाव्या वर्षी अकराव्या गावात आहे. सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. या मार्चनंतर कोणी मला पुन्हा बोलावेल असं वाटत नाही. फक्त तुला सांगतो, एक वेळ वर जायला मिळावं एवढंच अजून मनात आहे. एक सामना. बाकावर बसवून ठेवलं तरी चालेल, नाव छापून यावं म्हणजे आईला पेपरात दाखवता येईल. वरच्या संघाचे दोन बचावपटू जायबंदी आहेत. आमचे प्रशिक्षक ड्रिस्कल साहेब म्हणाले, घरचा फोन नंबर देऊन जा, कधी काय होईल सांगता येत नाही. दिला आहे. पण तेरा वर्षांत जे झालं नाही ते नेमकं माझ्या सुट्टीत कशाला होतंय.

आईला सांग, बटाटा भरलेले वारेनिकी मोजून करू नकोस. चुका पोटात घालून मला धाकटाच समज.

तुझा,
झेनोन


झेलेना
१४ डिसेंबर १९७३

चि. झेनोन यास आशीर्वाद.

घाईत दोन ओळी. आईने तुझं पत्र स्वतः हातात धरून ठेवलं, वाचता येत नसताना. शेजारच्या पावलुक काकांना बोलावून बाबा करायचे त्याच जागेवर, गोठ्यामागे, पाणी ओतून बर्फाची रिंक करायला लावली. काका म्हणाले, या वयात कोण खेळणार त्यावर? आई म्हणाली, माझा मुलगा, तुम्हाला काय करायचंय.

रीत विसरला असशील म्हणून आठवण. पहिली चांदणी दिसल्याशिवाय घास नाही. एकदा बसलं की जेवण होईपर्यंत आईखेरीज कोणी टेबलावरून उठायचं नाही, पाणी आणायलासुद्धा नाही. उठला तो पुढच्या वर्षी त्या टेबलाला नसतो असं आई म्हणते. तू बाबांच्या खुर्चीवर बसणार आहेस, फोनच्या खोलीच्या दाराशी. तिथे वारा लागतो, जाड मोजे आण.

ये लवकर. तोवर जीव सांभाळ, आमचाही तुझ्यातच आहे.

स्टेफाताई


झेलेना
२१ जानेवारी १९७४

चि. झेनोन यास आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यापासून घर मोठं झालंय. सणाला टेबलाखाली पसरलेलं गवत आईने अजून काढलेलं नाही. गोठ्यामागे तुझ्या स्केट्सच्या रेघा आहेत, त्यावर बर्फ पडला की ती जाऊन झाडून येते. तू तिला त्या जुन्या घसरगाडीवर बसवून फिरवलंस आणि ती सबंध वेळ तुला शिव्या देत होती, तो दिवस ती रोज सांगते.

पण काहीतरी बिनसलंय. आठ तारखेचा पेपर मी तू गेल्यावर वाचला. तुमच्या कॅल्डरचा मर्डॉक नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा सात तारखेला वर खेळला. तुझ्या जागी तो कसा, असं मी मोठ्याने म्हणाले, तर आईच्या हातातून कपबशी पडली. तेव्हापासून ती खेळाचं पान वाचायला सांगत नाही. उठून गुरांकडे जाते. तुला फोन आलाच नाही ना? सहा तारखेच्या संध्याकाळी आपण जेवत असताना एकच फोन आला आणि तो पावलुकबाईंचा होता, असं आईने टेबलाशी परत येऊन सांगितलं होतं. तुझ्या मनाला किती लागलं असेल ते मला कळतंय. तू पत्रात त्याबद्दल अक्षर लिहीत नाहीस याचंच जास्त वाईट वाटतं.

लिही. रागावला असशील तर रागावून लिही, पण लोभ ठेव.

स्टेफाताई


झेलेना
३ फेब्रुवारी १९७४

चि. झेनोन यास आईचे अनेक आशीर्वाद.

हे स्टेफा लिहून घेते आहे. तिलाही आत्ताच पहिल्यांदा कळतंय. मध्येच रडायला लागली होती, तिला म्हटलं, आधी लिही, मग रड.

त्या संध्याकाळी फोन पावलुकबाईंचा नव्हता. तुझे साहेब होते. म्हणाले, झेनोनला आत्ताच्या आत्ता रिजायनाला पाठवा, सकाळचं विमान आहे, उद्या संध्याकाळी तो वर खेळायचा आहे. मला सगळं समजलं. एक शब्द समजला नाही असं म्हणणार नाही.

मी त्यांना सांगितलं, वादळ आहे, रस्ते बंद आहेत, मुलगा पोचलाच नाही. आकाश इतकं स्वच्छ होतं की पहिली चांदणी तूच मला दाखवली होतीस. पवित्र संध्याकाळी, टेबलावर मेणबत्ती जळत असताना मी खोटं बोलले. दारातून तू दिसत होतास, पाठमोरा, बाबांच्या खुर्चीत. तेरा वर्षं मी तुझं रिकामं ताट धुवून ठेवलंय बाळा. कोणी न जेवलेलं ताट धुताना कसं वाटतं ते तुला कसं सांगू. मला वाटलं, एक संध्याकाळ माझी. पुन्हा बोलावतील. मला काय ठाऊक, ते एकदाच बोलावतात.

बाबा असते तर त्यांनी मला माफ केलं नसतं. तूही करू नकोस. फक्त जेवत जा.

आई


कॅल्डर, टेक्सास
१६ फेब्रुवारी १९७४

ती. आईस झेनोनचा शि. सा. न. वि. वि.

स्टेफाताई, हे आईला वाचून दाखव, आणि मध्ये थांबू नकोस.

आई, मला तेव्हाच कळलं होतं. मी दाराला लागून बसलो होतो. पावलुकबाईंशी तू कधीपासून इंग्रजीत बोलायला लागलीस? तेही ताठ उभी राहून, पोस्टात बोलतेस तसं. रस्ते बंद आहेत, एवढं मी स्वच्छ ऐकलं.

उठावंसं वाटलं नाही असं म्हटलं तर मी तुझ्याहून मोठं खोटं बोललो असं होईल. हात टेबलाच्या कडेवर ठेवले होते. तीन पावलांचं अंतर होतं, तू फोन खाली ठेवायच्या आत पोचलो असतो. ज्यासाठी अकरा गावं हिंडलो, नाक दोनदा मोडून घेतलं, ते त्या खोलीत तारेला लटकत होतं. मग समोर बघितलं. बाबांचं ताट रिकामं होतं, आणि माझ्या ताटात मधातल्या गव्हाची कुत्या होती, अर्धी खाल्लेली. तू परत आलीस आणि मला तिसऱ्यांदा वारेनिकी वाढलेस. मी आणखी मागितले. आठवतंय? पोट भरलं होतं माझं.

तेव्हा ते तू एकटीने केलेलं नाही. आपण दोघांनी केलं. त्याची हळहळ मला मरेपर्यंत राहील, हे तुझ्यापासून लपवत नाही. मर्डॉक परत आला आणि वरच्या रिंकवरचे दिवे कसे असतात ते सांगायला लागला, तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो आणि बराच वेळ बांधत राहिलो. पण त्या आधीची तेरा वर्षं सहा जानेवारी आली की मला अशीच हळहळ वाटायची, कुठल्यातरी बसमध्ये, गार सँडविच हातात घेऊन. ती आता संपली. एकच उरली.

ड्रिस्कल साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे खरंच एवढं वादळ होतं का? मी म्हटलं, हो, समोरचं काही दिसत नव्हतं.

मार्चअखेर मी येतो, परत न जाण्यासाठी. तोवर रिंक वितळलेली असेल. पुढच्या हिवाळ्यात पाणी मीच ओतीन, पावलुक काकांना हात लावू देऊ नकोस. ताटं मांड, बाबांचं एक जास्तीचं, आणि माझं भरलेलं.

माया आहे तशीच असू दे, आणि टेबलाखालचं गवत आता काढ, उंदीर होतील.

तुझा,
झेनोन

ता. क. पुढच्या वर्षी जेवताना फोन आला तर मी उठणार नाही. तूही उठू नकोस. वाजू दे.