छिद्र असलेलं वांगं

जळगाव, बुधवार संध्याकाळ

रूपाली बाळंतपणाला माहेरी आल्यापासून वांग्याला शिवत नव्हती. मोबाईलवर फवारणीचे व्हिडिओ बघून पोरगी धास्तावलेली. ऐन भरिताच्या दिवसांत नुसता वरणभात! मला बघवेना.

आज बाजारात भाजीवाल्या अक्काकडे मुद्दाम छिद्र असलेलं वांगं मागितलं. औषध मारलं असतं तर अळी राहिली असती का? अक्का बघतच राहिली. "बठ्ठा लोके चांगलं मांगतस, तुले किडकंच काबर जोयजे?"

खरंच की. भरिताचं वांगं अख्खं भाजायचं, म्हणून जन्मभर छिद्र दिसलं की बाजूला टाकत आले. आज छिद्र सापडलं म्हणून हरखले. वेड लागलंय का मला?

घरी चिरलं, तर आत जाडजूड जिवंत अळी. रूपालीला दाखवली. वाटलं, किंचाळणार. ती वाकून बघत म्हणाली, "आई, हिला तर काहीच झालं नाही गं!"

किडका भाग काढून बाकीचं भाजलं, लसूण सढळ घातला. दोन भाकरी खाल्ल्या तिने. किती दिवसांनी!

हे शेतकऱ्याच्या घरचे. हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "आत शिरलेली अळी फवाऱ्याने मरत नसते."

मी यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं आणि म्हटलं, "जेवा गुपचूप."