भाऊजींच्या रणगाड्याचा पट्टा

तीर्थरूप भाऊजी यांना धाकट्या मेहुण्याचा दंडवत (मनातल्या मनात घातलेला, पाठ धरल्यामुळे प्रत्यक्ष वाकता येत नाही).

तुमची साखर आटोक्यात असेल, ताईचा गुडघा कुरकुरत असेल आणि त्या कुरकुरीचं खापर तुमच्यावर फुटत असेल, असं धरून चालतो. आम्ही मजेत. मजेत म्हणजे, ही माझ्याशी बोलते आहे. फक्त जेवणाच्या टेबलाचा विषय निघाला की थांबते. ते टेबल सध्या माझ्या ताब्यात आहे आणि घरातले सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवतात. फोन न करता पत्र का लिहितो, असं तुम्ही विचाराल. तुमच्याकडे फोन ताई उचलते, उचलल्या उचलल्या स्पीकरवर टाकते आणि मग शेजाऱ्यांसकट सगळा मजला माझी खुशाली ऐकतो. पत्रही तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवता हे मला ठाऊक आहे. खुशाल दाखवा, पण माझ्या सहीपर्यंतच. सहीच्या खालचं मनातल्या मनात वाचा.

तर टेबलावर रणगाडा आहे. वीतभर लांबीचा, प्लास्टिकचा, सुटे भाग आणून घरी जोडायचा. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टर म्हणाले, डोकं शांत राहील असा एखादा छंद लावून घ्या. (माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. विमा कंपनीत बसून लोकांनी लिहून दिलेले अपघात वाचायचे आणि त्यातला कोणता झालाच नाही ते शोधून काढायचं. यात डोकं शांत राहत असतं तर डॉक्टरांचा धंदा बसला असता.) दुकानात खोक्यांची चळत होती, त्यात नेमका तुम्ही चालवलात तोच रणगाडा दिसला. म्हटलं, हाच जोडावा आणि पुरा झाला की तुमच्याच दिवाणखान्यात ठेवावा. भावना उदात्त होती. पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

वरचा भाग जमला. तोफ एकदा माझ्या चष्म्याच्या काडीला चिकटली, पण ती सुटली, काडीसकट. घोडं अडलं ते पट्ट्यांपाशी. चाकांवरून फिरणारे ते लोखंडी पट्टे हो. तुम्हाला मी काय सांगावं, तुमची सगळी हयात त्यांच्यावर गेली. खोक्यात त्या जागी दोन काळ्या रबरी पट्ट्या निघाल्या. हिने त्या उचलून बघितल्या आणि विचारलं, "पायजम्याचं इलॅस्टिक मागवलंत का?" मी त्या तशाच बसवल्या आणि मोठ्या दिमाखात रणगाडा मंडळात नेला.

आमच्या गावात छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी माझा रणगाडा उताणा केला, तोंडात घालायचा तो छोटा आरसा खिशातून काढला, चाकांमध्ये फिरवला आणि ज्या आवाजात ते माणसांना सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "हे काढावे लागतील." खरा पट्टा लोखंडाचा असल्याने आपल्याच वजनाने चाकांवर झोळ देतो, माझा ताठ आहे, म्हणून तो खोटा, असं त्यांनी समजावलं. मग बसवायचे कोणते? इथे मंडळ दुभंगलं. डॉक्टरांचं मत, प्रत्येक कडीवर रबराची गादी असलेला पट्टा हवा, नाहीतर रस्त्यांचा चुराडा होईल. सचिवांचा चष्म्याचा कारखाना आहे. त्यांचं मत, सीमेवर कसले आलेत रस्ते, नुसत्या लोखंडाचा, खाचा असलेलाच पट्टा हवा. हे दोघे गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या हातचा चहा घेत नाहीत. मी शांतताप्रिय माणूस, दोन्ही आणले.

भाऊजी, त्यांतली प्रत्येक कडी सुटी असते. नखाएवढी. ती एकेक करून पुढच्या कडीत अडकवायची. एक चहात सापडली, एक साबणाच्या डबीत, आणि एक बहुधा माझ्या पोटात आहे (रक्तदाबाचे डॉक्टर म्हणाले, वाट बघू). इतकं करून डावी बाजू पुरी केली, तर चष्मेवाले म्हणाले, पट्टा उलटा बसवलाय. पट्ट्याला पुढची आणि मागची बाजू असते, हे मला केस पिकेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, याला इंजिनच नाही, हा सुलटाही कुठे चालणार आहे? शोकसभेत कुणी शिट्टी वाजवल्यावर पसरावी तशी शांतता पसरली.

ती शांतता मोडायला मी तुमचं नाव काढलं. चूक म्हणा हवं तर. म्हटलं, हा रणगाडा माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने चालवलाय. आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळी गोष्टच सांगितली: तो धो धो पाऊस, तो ओढा, पलीकडून होणारा गोळीबार (माझ्या लहानपणी तो टेकडीमागून होत असे, अलीकडे तो हाकेच्या अंतरावर आलाय, त्याबद्दल तक्रार नाही), चिखलात निसटलेला डावा पट्टा, साहेबांची बोबडी वळलेली, आणि तुम्ही एकटे पहार घेऊन खाली उतरता आणि पट्टा चढवता. पहार वाकते तो भाग मी तुमच्यासारखाच हाताने करून दाखवला. तो तुम्ही नेहमी विसरता आणि मग स्वयंपाकघरातून ताईचा आवाज येतो, "पहार वाकली ना हो?" हे मी वगळलं.

सगळे हेलावले. डॉक्टरांनी आरसा खिशात ठेवला. आणि तिथल्या तिथे ठराव झाला की येत्या रविवारच्या आमच्या प्रदर्शनाला तुम्हीच प्रमुख पाहुणे. चष्मेवाले तर हात चोळत म्हणाले, "छान झालं. पट्टा कोणता होता ते आता भर सभेत त्यांनाच विचारू." निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत, एक सोबत जोडली आहे.

सभेआधी आपणच खात्री करून घ्यावी म्हणून मी घरातला फोटो भिंतीवरून उतरवला. तोच, ताईने आईला दिलेला, आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर असलेला, ज्यात तुम्ही रणगाड्यावर कमरेवर हात ठेवून उभे आहात. चौकटीत रणगाड्याचा चाकांच्या वरचाच भाग दिसतो, खाली पुठ्ठ्याची पांढरी किनार आहे. म्हणून मागचे खिळे काढले, पुठ्ठा बाजूला केला आणि फोटोचा खालचा भाग भिंगातून पाहिला. पट्ट्याचा प्रश्न कायमचा मिटला. त्याच दुपारी रणगाडा पुरा झाला आणि संध्याकाळी आम्ही टेबलावर जेवलो. ही माझ्याशी तीन वाक्यं सलग बोलली.

तेव्हा रविवारी नक्की या, ताईलाही आणा, जिने चढायचे आहेत हे तिच्या गुडघ्याला आधी सांगून ठेवा. थोरांना नमस्कार, धाकट्यांना जे काय द्यायचं असेल ते.

तुमचा,
टेबल परत केलेला मेहुणा

ता.क. आता कागद ताईपासून जरा तिरका धरा. भाऊजी, फोटोत पट्टा नाही. डावा नाही आणि उजवाही नाही. रणगाडा लाकडी ठोकळ्यांवर बसवलेला आहे, भोवती चुना फासलेल्या विटा आहेत, विटांच्या आत फुलझाडांच्या कुंड्या आहेत आणि एका कुंडीशेजारी 'हात लावू नये' अशी पाटी आहे. (तुम्ही फक्त पाय ठेवलेत, हे मान्य.) तुमच्या खिशाला तीन पेनं आहेत. चिखलात पहार मारणाऱ्याला तीन पेनं कशाला लागतात, असा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला धंद्यामुळे पडतो. याहून किरकोळ शंकेवर मी लोकांचे दावे फेटाळले आहेत. हा फेटाळणार नाही. शाळेत मला कोपऱ्यात गाठणाऱ्या दांडगट पोरांना मी तुमची हीच गोष्ट सांगायचो, आणि माझे भाऊजी सुट्टीवर आलेत असं शेवटी जोडायचो. एकदाही मार बसला नाही. जिच्या विम्यावर मी शाळेची सगळी वर्षं काढली, ती गोष्ट आता तपासायला घेण्याइतका मी कृतघ्न नाही.

ता.क. दुसरा. खरं काम पुढेच आहे. मी रणगाडा फोटोबरहुकूम केला आहे: ठोकळ्यांवर, पट्ट्यांविना, खाली भरपूर चिखल. पाटी लावली, 'पट्टा निसटला तो क्षण'. डॉक्टरांचे डोळे पाणावले. चष्मेवाल्यांनी तासभर चूक शोधली. नसलेल्या पट्ट्यात ती सापडेना, म्हणून ते आजारी असल्यासारखे घरी गेले. (कुंड्या मी वगळल्या. अचूकपणाला कुठेतरी नात्याची मर्यादा असावी.) अडचण एकच. तुमच्या गोष्टीत इतकी वर्षं डावा पट्टा निसटतो आणि माझ्या रणगाड्याचे दोन्ही गेलेत. तेव्हा एवढी कृपा करा, रविवारी दोन्ही निसटू द्या. मी मंडळात डावाच म्हणालो होतो, पण माझ्या ऐकण्यातली चूक म्हणून ते खपवू. आणि चष्मेवाले उठून पट्टा कोणत्या प्रकारचा होता असं विचारतील, तेव्हा नुसतं "चिखलाचा" म्हणा आणि पाणी प्या.

ता.क. तिसरा, पाकिटावर जिभेचं टोक टेकवता टेकवता. फोटो परत चौकटीत घालताना तो किनारीचा पुठ्ठा नीट पाहिला. शर्टाच्या खोक्याचा आहे, मागे तुमच्या गळ्याचं माप छापलंय. आणि तो नागमोडी कापलाय. आपल्या सगळ्या नातलगांत नागमोडी कापणारी कात्री एकाच माणसाकडे आहे, जी शिवणकामाच्या डब्यात असते आणि जिला हात लावलेला ताईला खपत नाही. ठोकळे, विटा, कुंड्या, पाटी, सगळं बरोबर झाकलं जाईल एवढाच पुठ्ठा मोजून कापलेला आहे. तुम्ही संध्याकाळी फिरायला गेलात तेव्हा मी तिला फोन केला. फोटोचं काही बोललो नाही. एवढंच म्हटलं की रविवारी भाऊजींच्या गोष्टीत दोन्ही पट्टे निसटायला हवेत, जमेल का? ती म्हणाली, "मेल्या, दोन्हीच निसटले होते. तू कधी नीट ऐकलंयस?"