शिंप्याचा भाडेकरू

४ नोव्हेंबर

आज सकाळी नव्या खोलीत आल्याआल्या आधी खिडकी पुसली, पिशवीसुद्धा न उघडता. काचेपलीकडे अंगण, दोरीवर वाळणाऱ्या चादरी आणि एक आळशी मांजर दिसलं, तेव्हा बरं वाटलं. मग गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलेली प्रार्थना म्हटली आणि खाली कामावर रुजू झालो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी मिळते ही देवाचीच कृपा.

हुद्द्याचं नाव 'सोबती'. संस्थेत राहणाऱ्यांबरोबर दवाखान्यात, बँकेत, बाजारात जायचं. इथल्या माणसांना मनाचा आजार आहे आणि व्यसनही. नर्सबाईंनी समजावलं, की व्यसन सोडवणारे म्हणतात आधी डोकं ठीक करून या, आणि डोक्याचे डॉक्टर म्हणतात आधी बाटली सोडून या. माणसाचा नुसता चेंडू होतो. इथे दोन्हीचे उपचार एकाच टेबलावर. बाई फटकळ आहेत, पण हाताला माया आहे. मला म्हणाल्या, सोबती, इथे जेवण फुकट आणि टोमणेही फुकट.

अक्काला फोन केला. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. माझा आवाज बसलाय म्हणाली, आणि नेहमीचं शेपूट जोडलंच: तुझी पीडा मला लागो रे बाळ. या वयात बाळ!

७ नोव्हेंबर

शिंपीदादांची ओळख झाली. हात इतका थरथरतो की सुईत दोरा जात नाही. नातीचा फ्रॉक अर्धाच शिवून पडलाय. महिनाअखेरीस मुलगी न्यायला येणार आहे, पण तोवर थेंब घेतला नाही तरच. त्यांना एक आवाज ऐकू येतो. त्याला ते 'भाडेकरू' म्हणतात. भाडं देत नाही, खोली सोडत नाही, वर मालकालाच वाकुल्या दाखवतो. मी विचारलं, वाईटसाईट बोलतो का? म्हणाले, छे हो, सभ्य आहे. फक्त मी जे म्हणणार ते माझ्या आधी म्हणतो. दारू पोटात गेली की तेवढा गप्प.

इथला नियम असा, की आवाजाला खोटं म्हणायचं नाही, खरंही म्हणायचं नाही. त्रास किती होतो तेवढं विचारायचं. ऐकायचं, घ्यायचं नाही. संध्याकाळच्या चहाला नर्सबाई आम्हा कामाच्या माणसांना एकेकाला विचारतात, आज काय चिकटलं? जो तो सांगून मोकळा होतो. मी म्हणालो, काही नाही. माझं मी देवापाशी सांगतो.

१२ नोव्हेंबर

दुपारी शिंपीदादा लहान मुलासारखे रडले. फाटकाकडे बघत म्हणत होते, एक घोट, नाहीतर हा मला संपवेल. नर्सबाई गोळी आणायला गेल्या होत्या. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडून अक्काचे शब्द निघून गेले: तुमची पीडा मला लागो.

ते रडायचे थांबले. माझ्याकडे बघत जरा बाजूला सरकले, कुणाला वाट करून द्यावी तसे. मग गाढ झोपले.

१३ नोव्हेंबर

शिंपीदादांनी एका फटक्यात दोरा ओवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाई म्हणाल्या, नवी गोळी लागू पडली. मलाही आनंद झाला.

सकाळी प्रार्थनेला तोंड उघडलं, तर पहिली ओळ म्हणून झाली होती. झोप अपुरी झाली असावी.

१७ नोव्हेंबर

झोपेचा दोष नाही. तो एक शब्द पुढे असतो. आवाज माझाच, फक्त माझ्यापेक्षा ताजातवाना. प्रार्थना मी म्हणतो तेव्हा ती उष्टी झालेली असते. देवाला पोचते ती कुणाची?

२० नोव्हेंबर

शिंपीदादांबरोबर बटणं आणायला गेलो. दारूच्या दुकानापाशी माझी पावलं मंदावली. दारूला आयुष्यात कधी शिवलो नाही. पण नुसत्या वासाने तो दचकून गप्प झाला, आणि ती शांतता — काय सांगू. शिंपीदादांनी माझं कोपर धरलं. म्हणाले, सोबती तुम्ही की मी? हसवायला म्हणाले. मग हळूच विचारलं, तुमच्याकडे आलाय का हो?

मी नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर त्या भल्या माणसाने तिथेच परत मागून घेतला असता. फ्रॉकला आता फक्त बटणं लावायची राहिलीत.

२३ नोव्हेंबर

आता दुसऱ्यांचंही आधी म्हणतो. नर्सबाईंनी कप खाली ठेवायच्या आत तो त्यांच्या आवाजात म्हणाला, आज काय चिकटलं? मग त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. गुरुवारी डॉक्टरांपुढे बसा म्हणाल्या.

शिंपीदादा घरी जाईपर्यंत थांबतो. मग सांगेन.

२६ नोव्हेंबर

शिंपीदादा घरी गेले. मुलीने फ्रॉक छातीशी धरला होता.

लगेच नर्सबाईंकडे गेलो. सांगणारच होतो. तोंड उघडलं — काही नाही, तो म्हणाला. मनात नाही. माझ्या तोंडून. बाईंनी ऐकलं.

अक्काचा फोन. प्रत्येक शब्दाआधी थांबतोस का रे? उद्या येते म्हणाली. नको म्हणायला गेलो. ये, असं निघालं.

तो हसला. माझ्या आधी.

२७ नोव्हेंबर, सकाळ

ती मला बघेल. आणि म्हणेल. दुसरं काय म्हणणार — जन्मभर तेच म्हणत आलीय. आणि तो जाईल. तिच्याकडे. ती म्हातारी, एकटी —

मी सुटेन. हे कोण म्हणालं? मी की —

दुपार

एक सापडलं. माणसाच्या मनात जे असतं तेच त्याला आधी कळतं. जे माझ्यात कधी नव्हतंच ते त्याला कुठून मिळेल?

दारावर थाप. कडी घातलीय. अक्का आहे. बाळ, दार उघड.

ठरवलं होतं ते केलं. म्हणालो, तू माझी कुणी नाहीस. तोंड दाखवू नकोस. चालती हो. सगळं मीच म्हणालो. एकट्याने. तो पुढे नव्हता. देवा, किती दिवसांनी माझा आवाज —

अक्काच्या चपला जिन्याकडे गेल्या. नर्सबाई तिला काहीतरी सांगतायत. जाऊ दे तिला. जाऊ दे.

चपला थांबल्या.

परत येतायत.

ती अजून बोललेली नाही. दाराला हात टेकवलाय फक्त. पण इथे, कानाशी, तिच्याच आवाजात, तो आत्ताच म्हणाला — तुझी पी